टोचल्याची नोंद

६ मार्च

लसीकरण केंद्राच्या सिस्टरबाईंना,

'प्रिय ताई' लिहायला बसले होते, पण हात वळेना. तेव्हा केंद्रावरच्या बायका तुला जी हाक मारतात तीच मी मारते.

फोन करू नकोस, तुझा नंबर मी बंद केलाय. फोनवर तू गोड बोलतेस आणि मी विरघळते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. जे काय असेल ते लिहून कळव, म्हणजे उद्या शब्द फिरवता येणार नाही.

मंगळवारी सकाळी अकराला तू माझ्या टिल्लूला गोवराची लस टोचलीस. संध्याकाळी सहाला तो माझ्या मांडीवर ताठ झाला. डोळे वर गेले, ओठ निळे पडले. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, तापातली आकडी, दोनच मिनिटांची होती, घाबरू नका. दोन मिनिटं किती लांब असतात ते त्यांना काय माहीत! एक दिवस ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं. आता खेळतोय. पण दार जरा जोरात लागलं तरी मी धावत त्याच्याकडे जाते.

मी तुला पन्नासदा विचारलं होतं, काही होणार नाही ना? तू हसलीस. "वेडे, एकोणीस वर्षं टोचतेय मी." मला सुई बघवत नाही म्हणून मी बाहेर जिन्यात कान झाकून उभी राहिले आणि हे आत बाळाला घेऊन बसले. आई गेल्यावर जिने माझ्या वेण्या घातल्या, तिच्या हातात मी माझं मूल दिलं.

आता नीट वाच. मी तुझ्या हातातली सुई काढून घेईन. तुझ्या केंद्रावर एक बाई फिरकणार नाही अशी व्यवस्था करीन. तू मला हट्टी म्हणायचीस ना? आता हट्ट बघ.

टिल्लूची आई


९ मार्च

चिमणे,

शिव्या दे, मी ऐकून घेईन. टिल्लू बरा आहे हे वाचलं आणि तीन दिवसांनी घशाखाली घास उतरला.

गोवराच्या लशीने ताप आलाच, तर तो सात ते बारा दिवसांनी येतो. त्याच संध्याकाळी येत नाही. त्या दिवशी टिल्लूचं नाक वाहत होतं, अंग कोमट होतं. तापाचं कारण तिथे शोध. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना कसल्याही तापात अशी आकडी येऊ शकते. दिसायला भयंकर असते, पण बहुतेक मुलांवर तिचा मागे काही परिणाम राहत नाही. पुन्हा आली तर कुशीवर झोपव, तोंडात काही घालू नकोस, आणि लगेच दवाखाना गाठ.

माझ्या सुईने तुझ्या बाळाला काही झालेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. त्याच दिवशी त्याच कुपीतून ज्यांना टोचलं ती बाकीची बाळं ठणठणीत आहेत.

तू रागात आहेस. राग उतरला की ये.

तुझी ताई


१० मार्च

ताईंना सादर नमस्कार,

हे पत्र ऑफिसातून लिहितो आहे. उत्तर कृपा करून ऑफिसच्याच पत्त्यावर पाठवा. घरी काही कळू देऊ नका.

त्या दिवशी आत जे ठरलं ते आपल्या दोघांतच राहू द्या. टिल्लूला टोचलं नाही हे हिला समजलं तर माझं घर मोडेल. ही म्हणेल, इतके दिवस मला फसवलंत. तुमचं पत्र मी वाचलं. तुम्ही सांभाळून लिहिलंत, उपकार झाले. हिचा राग चार दिवसांचा आहे, तेवढं सोसा. तुम्ही मोठ्या आहात.

माझी बाजूही समजून घ्या. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. लशीनेच असं होतं म्हणून फोनवर रोज काय काय वाचायला मिळतं. खरं किती, खोटं किती, मला ठरवता येत नाही. बाप आहे, भीती वाटते.

आपला,
टिल्लूचे बाबा


१२ मार्च

जावईबुवा,

आठवण करून देते, कारण तुमची आठवण सोयीपुरती दिसते.

तुम्ही टिल्लूला मांडीवर घेऊन बसलात आणि हळूच म्हणालात, "ताई, टोचू नका. नुसती पट्टी लावा आणि कार्डावर लिहा. हिला सांगू नका. आज टोचलंत, तर तुमच्या बहिणीला पुन्हा तुमच्या दारात येऊ देणार नाही." बाहेर चाळीस बायका खोळंबलेल्या. मी म्हटलं, तुम्हाला आठवड्याभरात समजावीन. दंडावर कापूस फिरवला, पट्टी लावली, कार्डावर सही केली. एकोणीस वर्षांतली ती माझी पहिली खोटी नोंद. सुईत ओढलेला डोस परत कुपीत घालता येत नाही. टिल्लूचा डोस मी माझ्या हाताने फेकून दिला.

भीती वाटते हे मी समजू शकते. बायकोच्या मागे लपणं मला समजत नाही.

१७ तारखेला पुन्हा लसीकरण आहे. त्या दिवशी बाळाला घेऊन या. घरी काय कारण सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, थापा मारण्यात तुम्ही हुशार आहात. नाही आलात तर मी बोलेन, मग माझी नोकरी गेली तरी चालेल.

सिस्टर


२९ मार्च

सिस्टरबाई,

नवं टेबल कसं आहे? ऐकलं की तुला मुख्य कार्यालयात आवक-जावकच्या वहीपुढे बसवलंय. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि पुढे सरकवायचा. हे काम बरं, त्याने कुणाचं मूल ताठ होत नाही.

त्रेचाळीस सह्या जमवल्या मी! दोन आठवडे टिल्लूला कडेवर घेऊन दारोदार फिरले. पायाचे तुकडे पडले, पण प्रत्येक सहीला तुझा चेहरा आठवला की पुन्हा जिने चढायचं बळ यायचं. पहिली सही माझी, दुसरी यांची, तिसरी आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईची. तिची पोरगी टिल्लूपेक्षा आठ दिवसांनी लहान, सतराला टोचायला न्यायची होती. मी त्या संध्याकाळची हकिगत सांगितली. तिने मशीन थांबवलं, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मी नाही बाई नेत." बाकीच्याही नेणार नाहीत. गेल्या खेपेला तुमच्या केंद्रावर अकराच बाळं आली, शिपायानेच सांगितलं.

यांना वाटत होतं, मी तक्रार करू नये. म्हणत होते, घरातलं घरात मिटवू. मी विचारलं, तुम्ही माझ्या बाजूचे की तिच्या? तेव्हा मुकाट्याने लिहून दिलं, 'माझ्या मांडीवर, माझ्या डोळ्यांदेखत टोचलं.' चौकशी २४ एप्रिलला आहे. मी येणार नाही, तुझं तोंड बघायची इच्छा नाही. हे जातील.

टिल्लूची आई


२ एप्रिल

चिमणे,

टेबल चांगलं आहे. खिडकीजवळ आहे. दिवसाला साठसत्तर कागद येतात. तुझी तक्रारही माझ्या हातून पुढे गेली. अक्षर अजून तसंच सुरेख आहे, तुझा कित्ता मीच गिरवून घेतला होता.

फक्त एक सुचवते. साध्या कागदाला चौकशीत फारशी किंमत नसते. तुझ्या यजमानांकडून शपथपत्र करून घे. वेळ, तारीख, कुठल्या दंडावर टोचलं, सगळं त्यात येऊ दे. नोटरीचा शिक्का लाव. मग मला पळायला जागा राहणार नाही.

मोठ्या बहिणीचा शेवटचा सल्ला समज.

ताई


१३ एप्रिल

सिस्टरबाई,

तुझा सल्ला मानला. शपथपत्र झालं. हे नोटरीकडे जायला इतके आढेवेढे घेत होते की मी हाताला धरून नेलं. पेन हातात घेऊन पाच मिनिटं बसून राहिले. एवढा मऊ माणूस, तुझं वाईट करताना त्यांच्याही जिवावर आलं बघ. मला नाही आलं. प्रत सोबत कुरियरने पाठवतेय, चष्मा लावून वाच.

अजून एक. आमच्या इमारतीत गोवर आलाय. शिंपीणबाईची पोरगी तापाने फणफणली होती, कालपासून अंगभर पुरळ. आज ती बिचारी औषध आणायला निघाली, घरात दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, ठेवा माझ्याकडे. टिल्लूला टोचलेलं आहे, त्याला काय होतंय? दुपारभर दोघं एकाच चटईवर होती, एकाच भांड्यातलं पाणी प्यायली. तुझ्या त्या सुईने माझ्या जिवाचं पाणी केलं, तेव्हा तिचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

चौकशीला अकरा दिवस उरलेत. मी भिंतीवर रेघा मारतेय.

टिल्लूची आई


१४ एप्रिल, तुझ्या दारात

दार उघड. बेल वाजवून बोट दुखलं. तू आत आहेस, टिल्लूचा आवाज येतोय. उघडत नाहीस म्हणून हा कागद फटीतून सरकवते.

टिल्लूला लस टोचलेली नाही. मी टोचली नाही. पट्टीखाली काहीच नव्हतं. का, ते तुझ्या नवऱ्याला विचार. त्याचं पत्र माझ्याजवळ आहे. पण ते मागून. आधी बाळाचं बघ.

गोवराच्या मुलाजवळ आल्यापासून बहात्तर तासांत टोचलं तर आजार टळू शकतो, निदान हलका जातो. काल दुपारपासून मोज. गुरुवार दुपारपर्यंत वेळ आहे, पण थांबू नकोस. उद्या सकाळी मोठं हॉस्पिटल उघडलं की पहिली तू उभी राहा. डॉक्टरांना खरं सांग, की आधी डोस मिळालेला नाही. कार्ड दाखवू नकोस, कार्ड खोटं आहे. मी टोचलं असतं, पण मला सुईला हात लावायची बंदी आहे. तुझीच कृपा.

शिंपीणबाईला सांग, पोरीचा श्वास भरभर चालला किंवा पाणी पोटात राहीना तर घरी बसू नको म्हणावं.

दार उघडू नकोस हवं तर. वाचलंस की आतून दोनदा टकटक कर, म्हणजे मी जाईन.


१७ एप्रिल

ताई,

टकटक केली ती यांनी. मी कागद हातात घेऊन मोरीत बसले होते.

बुधवारी सकाळी आठला टोचून आणलं. बाळाला मी धरलं. यांना खोलीबाहेर उभं केलं आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत डोळ्याची पापणी लवू दिली नाही. आता मला कुणी पट्टी दाखवून फसवू शकणार नाही.

यांना घराबाहेर काढलेलं नाही. एवढी स्वस्त सुटका मी देणार नाही. सह्यांची यादी हातात दिली आणि सांगितलं, त्रेचाळीस घरं आहेत, एकेका दारात उभं राहून म्हणायचं, 'मी खोटारडा आहे, माझ्या मुलाला टोचलंच नव्हतं, तुमच्या बाळाला घेऊन जा.' रोज ऑफिसातून आले की निघतात. काल एका बाईने तोंडावर दार आपटलं, एकीने शेजाऱ्यांना गोळा करून पुन्हा म्हणायला लावलं. तोंड एवढंसं करून घरी येतात आणि मी विचारते, आज किती झाली?

पण तुझा हिशेब वेगळा आहे. सहा आठवडे, ताई! सतरा मार्चला ते आले नाहीत, तेव्हा तू बोलणार होतीस. तसं त्यांना लिहून दिलं होतंस, तुझं पत्र मी त्यांच्या ऑफिसच्या खणातून काढून आणलं. का नाही बोललीस? वर मला शपथपत्र करायचा सल्ला दिलास. आता कळलं का दिलास. आम्हाला उंच चढवून ढकलायचं होतं तुला. मी जिने चढत होते, सह्या घेत होते, बायका बाळांना घरी ठेवत होत्या, आणि तू खिडकीजवळ बसून २४ तारखेची वाट बघत होतीस.

तिसरी सही आठवते? शिंपीणबाईची ती पोरगी काल हॉस्पिटलात गेली. न्यूमोनिया. श्वासाची नळी लावलीय.

मी तुला सोडणार नाही. स्वतःला कुठे ठेवू ते कळत नाही.


२५ एप्रिल

चिमणे,

काल चौकशी झाली. तुझे यजमान आले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी माझा जबाब टेबलावर ठेवला. खोटी नोंद मी केली, सही माझी. त्यांचं दहा मार्चचं पत्र त्याखाली जोडलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. शपथपत्रही वाचलं. तुझे यजमान खुर्चीतल्या खुर्चीत एवढेसे झाले. मला वाटलं होतं तसा आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला. खोटं कशाला लिहू?

सुई कायमची गेली. आवक-जावकचं टेबल कायम झालं. त्यांच्यावर खोट्या शपथेचं प्रकरण होईल.

तू विचारलंस, का बोलले नाही. सतराला ते आले नाहीत तेव्हा मी खरंच निघाले होते. मग तू केंद्राच्या फाटकात सह्यांचा कागद घेऊन उभी असल्याचं शिपायाने सांगितलं, आणि ज्या बायकांची तीन तीन बाळं मी टोचली त्या माझ्याकडे न बघता परत गेल्या. मी म्हटलं, थांब. होऊ दे हिचं सगळं. सगळ्यांसमोर तुझी मान खाली घालायला लावायची होती मला, आणि त्यासाठी टिल्लूला मी तसाच उघडा ठेवला. गोवर काय असतो हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. माझा गुन्हा तुझ्याहून मोठा आहे.

टिल्लूला आज दहावा दिवस. ताप आला का? अंगावर काही उठलं का? तेवढं कळव.

ताई


३ मे

ताई,

नवव्या दिवशी ताप आला, एकशे एक. दोन दिवस राहिला, मानेवर चार ठिपके उठले आणि गेले. लशीचं की रोगाचं, डॉक्टर म्हणाले, आता सांगता येत नाही. आकडी आली नाही. मी दोन्ही दिवस त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते. टिल्लू बरा आहे.

काल दुपारी शिंपीणबाई आली. हॉस्पिटलातूनच आली होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी खुर्ची दिली तर बसली नाही. म्हणाली, "मला तक्रार करायचीय. माझं अक्षर धड नाही. तुम्ही लिहून द्या."

मी विचारलं, कुणावर?

म्हणाली, "तुमच्यावर. तुमच्यासारखं कडक मला कुठं लिहिता येतं? त्या सिस्टरवर लिहिली होती ना, तशीच लिहा. एक शब्द कमी लिहाल तर मी वाचून घेणार आहे दुसऱ्याकडून."

मी कागद घेतला. ती डोक्याशी उभी राहून सांगत होती. माझ्या मुलीला सतरा मार्चला न्यायचं होतं. या बाईने माझ्या घरी येऊन घाबरवलं. स्वतःच्या मुलाची खरी खबर तिला नव्हती आणि माझ्या मुलीबद्दल मला सांगायला आली. मग तिने विचारलं, "पुढे तुम्ही त्या सिस्टरबद्दल काय लिहिलं होतं, शेवटच्या ओळीत?" मी सांगितलं. 'अशा व्यक्तीला पुन्हा कुठल्याही मुलाजवळ जाऊ देऊ नये.' म्हणाली, "तीच घाला."

घातली. तिने सही केली, पाकिटावर पत्ताही माझ्याकडूनच लिहून घेतला. कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि पोरीकडे परत गेली. जाताना टिल्लूकडे बघितलं.

मी अडवलं नाही, रडलेही नाही. उद्या येईल तो कागद तुझ्या टेबलावर. तुला हवं ते मिळालं.

चिमणी


८ मे

चिमणे,

तक्रार मंगळवारी आली. पाकीट उघडायच्या आधीच पत्त्यावरचं अक्षर ओळखलं. सगळी वाचली, मग पुन्हा वाचली. एक शब्द कमी नाही. तुझी सगळी रागाची पत्रं माझ्याकडे आहेत, पण इतकं धारदार तू माझ्यावर कधी लिहिलं नव्हतंस.

कुठलाही कागद न वाचता पुढे सरकवायचा, असा या टेबलाचा नियम आहे. मी तो मोडला. वेगळा कोरा कागद घेतला. त्यावर लिहिलं की त्रेचाळीस सह्यांचा पाया खोटा आहे हे मला १७ मार्चला माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर ही मुलगी त्याच आठवड्यात टोचून झाली असती. मी सूड म्हणून गप्प बसले. खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि तो कागद शिंपीणबाईच्या तक्रारीला जोडला. मग दोन्हीवर आवकचा शिक्का मारला.

मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस, मला ते नको आहे.

मुलीची नळी निघाली का, तेवढं कळव. बाकी काही लिहू नकोस.

ताई